पोच मिळाली, रेणुका कुठं आहे?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी एक नाव घेतो, आणि त्याचा आईवडिलांना राग येत नाही. ते नाव खिल्लारे मामांचं. आमच्या सेनगावच्या शाळेत ते शिपाई होते. वर्ग उघडायचे, पाणी भरायचं, घंटा द्यायची, ही त्यांची कामं. दहावीनंतर मला परभणीच्या वसतिगृहात नेऊन पोचवलं ते त्यांनी. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि वसतिगृह म्हणजे नेमकं काय हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

आज मी समाजकार्याची पदवी घेऊन हिंगोलीत मुलांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत आहे. या थंडीत संस्थेनं मला सहा दिवसांसाठी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पाठवलं. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं दर वर्षी ऊस तोडायला तिकडं जातात आणि मुलंही त्यांच्याबरोबर जातात. अशा मुलांसाठी तिथली सरकारी कार्यालयं, शाळा, अंगणवाड्या आणि संस्था मिळून काम कसं करतात ते बघायचं आणि लिहून आणायचं, एवढंच सांगितलं होतं. निघताना मामांच्या पाया पडलो तर म्हणाले, "काय बघशील ते मलाबी लिहून धाड. फोनवर नको. फोनवरचं ध्यानात राहत नाही माझ्या."

पणदरे

बारामतीच्या स्टँडवर वैशालीताई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. जळोचीत मुलांसाठी काम करणाऱ्या त्यांच्या संस्थेचं कार्यालय आहे, घर मात्र पणदऱ्यात. माझी राहायची सोय त्यांनी घरीच केली होती. पाहुण्याला लॉजवर ठेवलं तर सासूबाई बोलणं टाकतील, असं त्या म्हणाल्या.

आमच्याकडं जानेवारीत रान मोकळं होतं. कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या असतात, हळद शिजवायची गडबड असते, आणि नजर टाकली की पुढच्या गावाचं देऊळ दिसतं. इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. गाव आलं हे घरं दिसून कळत नाही, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली वाढल्या की कळतं. घरी पोचल्यावर चहा आला तो निव्वळ दुधाचा. आमच्या घरी पाहुण्याच्या चहातसुद्धा दूध रंगापुरतं असतं. मी कपाकडं बघत राहिलो तेव्हा वैशालीताईंचे सासरे, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, ते म्हणाले, "घाबरू नगा पावणं. पाणी आमी उसाला देतो, चहाला न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी, म्हणजे वैशालीताईंच्या सासूबाईंनी, माझ्या हातात चहाची किटली दिली आणि तात्या मळ्यात आहेत, तेवढी नेऊन द्या म्हणाल्या. कालव्याच्या फाट्यावरून त्या भागात शेतांना पाळीनं पाणी मिळतं. कुणाची पाळी किती वाजता सुरू होणार आणि कधी संपणार याची यादी असते. तात्या हातात खोरं घेऊन, अनवाणी, गार पाण्यात उभे होते. त्यांचा ऊस तुडुंब भिजला होता. पाळी सातला संपलेली आणि आठ वाजत आले होते.

"मग चला की घरी," मी म्हणालो.

"मुलाण्याचा सलीम येईस्तवर हितंच."

"पण त्यांना वेळ माहीत असेल ना? यादी असते म्हणालात."

"यादी हाय की. सहीशिक्क्याची हाय. पर पाण्याला वाचाय येतंय व्हय?" तात्यांनी किटलीच्या झाकणात चहा ओतून घेतला. "मी खोरं ठिवून गेलो की पाणी रस्त्यावर. मग सलीम म्हननार तात्यानं सोडलं, मी म्हननार तू आला न्हाईस, आन् रस्ता म्हननार मला कशापायी भिजवलं."

तेवढ्यात सलीमभाई मोटारसायकलवरून आले. "तात्या, डेअरीवर रांग हुती."

"तुझ्या म्हशीला सांग, जरा लवकर उठ म्हनावं."

सलीमभाईंनी आपल्या बाजूचा मातीचा बांध फोडला आणि तात्यांनी आपल्या बाजूचा बुजवला. पाणी वळलं. ते पूर्ण वळल्याचं दोघांनी बघितलं, आणि मगच तात्यांनी पाय धुतले. मी हौसेनं जवळ गेलो होतो. माझा नवा बूट चिखलात रुतून बसला आणि पाय तेवढा मोजा घालून बाहेर आला. सलीमभाईंनी खोऱ्यानं बूट उकरून दिला. सगळे हसलो. मीही हसलो आणि ते तिथंच विसरून गेलो.

दुपारी वैशालीताई मला ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर घेऊन गेल्या. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पाचटाची झोपडी. तिथं मला रेणुका भेटली. वय दहा. कडेवर दोन वर्षांचा भाऊ, सोन्या. जिंतूरकडची. आठवडाभरापूर्वी तिची आई उसाच्या गाडीवरून पडली होती आणि कमरेचं हाड मोडलं होतं. आई पुण्याच्या दवाखान्यात, वडील तिच्याजवळ. ही दोघं शेजारच्या कोपीतल्या म्हातारीच्या नजरेखाली राहत होती, आणि टोळीचं इथलं काम त्याच दिवशी संपत होतं.

"तुमी कोणते सर?" तिनं विचारलं.

"सर नाही गं. मी हिंगोलीकडचा."

"मंग आमचं जिंतूर माहीत असंन तुमाला." तिचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला. "आईचं पुन्हा सांगू का? चार बाऱ्या सांगितलं. शाळेच्या सरांला, अंगणवाडीच्या बाईला, पोलिसाला अन् या ताईला. दर बारीला नवा कागद. तुमी एकमेकांचं वाचत नाहीत का?"

वैशालीताई खाली बघून म्हणाल्या, "नाही गं, वाचत."

रेणुकाची भीती एकच होती. सोन्याला दुसरीकडं नेतील असं कुणीतरी बोलताना तिनं ऐकलं होतं. ते खोटं नव्हतं. घरचं कुणी सांभाळणारं नसेल तर एवढ्या लहान मुलाला शिशुगृहात आणि दहा वर्षांच्या मुलीला मुलींच्या बालगृहात ठेवतात. त्या दिवसांत दोन्ही एका आवारात मिळत नव्हती. वैशालीताईंनी वाट काढली होती. मुलांची सख्खी मावशी भिगवणजवळ डाळजला दुसऱ्या टोळीत होती. ती सांभाळायला तयार होती. मुकादम संध्याकाळी मुलांना ट्रॅक्टरनं तिच्याकडं सोडणार होता. पण डाळज इंदापूर तालुक्यात. तिथल्या बालसंरक्षणाच्या कार्यकर्तीनं मावशीचं बिऱ्हाड बघून अहवाल द्यायचा, आणि शनिवारी पुण्यात बालकल्याण समिती त्यावर निर्णय करणार. अहवाल नसेल तर समितीपुढं दुसरा रस्ता नव्हता.

"हा मला सोडून झोपत नाही," रेणुका म्हणाली. "रडून रडून ताप आणतो."

मी लगेच बोलून गेलो, "मी स्वतः इंदापूरला तुझा कागद देतो. उद्या तिथल्या ताई तुला भेटायला येतील. तू फक्त तयार राहा."

मला तिथं कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

भिगवणमार्गे इंदापूर

बुधवारी सकाळी लिफाफा शर्टाच्या आत ठेवून निघालो आणि इंदापूरच्या गाडीत बसायचं ते भिगवणच्या गाडीत बसलो. कंडक्टरनं तिकीट फाडल्यावर सांगितलं. म्हणाला, "काय बिघडलं? भिगवणला मासं खावा, हायवेनं इंदापूर गाठा. सरळ गेला असता तर मासं चुकलं असतं."

मासे खरंच चुकवण्यासारखे नव्हते. उजनीच्या फुगवट्याचं पाणी भिगवणच्या अंगणापर्यंत आलेलं आहे. लांब पाण्यात गुलाबी रेघ दिसत होती, ते रोहित पक्षी. आमच्याकडं मासा म्हणजे पावसाळ्यात ओढ्याला मिळेल तो. इथं ताटात आख्खी तळलेली चिलापी आणि वाटीत लालभडक रस्सा. उतावळेपणानं काटा घशात अडकला. हॉटेलवाल्या मावशींनी भाकरीचा मुठीएवढा गोळा हातात दिला. "चावू नगा, गिळा. आन् बोलू नगा. बोलनाऱ्यालाच काटा लागतो." काटा उतरला.

पुढची गाडी हायवेनं निघाली आणि थोड्याच वेळात खिडकीतून डाळजची पाटी दिसली. आत कुठंतरी रेणुका असणार, असं मनात आलं. मी उतरलो नाही. माझं काम लिफाफा देण्याचं होतं.

इंदापूरच्या कार्यालयात टेबलावर एक वयस्क लिपिक होते. मी लिफाफा दिला, स्थळप्रतीवर शिक्का घेतला, सही घेतली, वेळ लिहून घेतली. साडेबारा. खरं सांगतो, तो शिक्का बघून मला अभिमान वाटला. आमच्या घरात कुणी कचेरीतून पोच घेऊन बाहेर आलेलं नाही. वडील एकदा सातबाऱ्यासाठी गेले होते, ते दारातूनच परत आले होते. मी कागदाची घडी नीट घालून पाकिटात ठेवली.

गुरुवारी इंदापूर तालुक्यातल्या दोन अंगणवाड्या बघितल्या. टोळी आली की सेविका आपणहून कोप्यांवर जाऊन लहान मुलांची नावं लिहून आणते. एका सेविकेनं तर आपल्या अंगणातच पाळणे बांधले होते. मोठ्या मुलांना गावाहून निघताना शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलेलं असेल तर इथली शाळा विनातक्रार वर्गात बसवते. मी वहीभर लिहून घेतलं. प्रत्येकजण आपलं काम मनापासून करत होता. वहीत 'सर्वांचा उत्तम समन्वय' असं वाक्यही मी लिहिलं. ते नंतर खोडावं लागलं.

जळोची

शुक्रवारी सकाळी जळोचीच्या कार्यालयात दोन्ही तालुक्यांच्या लोकांची दरमहाची बैठक होती. वैशालीताई, शाळांचे केंद्रप्रमुख, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, आणि इंदापूरहून आलेल्या बालसंरक्षणाच्या शबानाताई. एवढ्या मोठ्या तालुक्यात हे काम बघणाऱ्या त्या एकट्याच.

वैशालीताईंनी पहिल्यांदा विचारलं, "शबाना, डाळजची भेट कशी झाली?"

"कुठली भेट?"

मी पाकिटातून घडी काढली. "मी बुधवारी साडेबाराला दिलाय कागद. ही पोच."

शबानाताईंनी ती वाचली. त्यांचा चेहरा उतरला. "मी सोमवारपासून काल रात्रीपर्यंत पुण्याला प्रशिक्षणात होते. आज सकाळी थेट इकडं आले. टेबल बघितलंच नाही."

"आमच्या शाळेनं मुलगी डाळजला जाणार असल्याचं सोमवारीच कळवलंय," केंद्रप्रमुख म्हणाले आणि फाईल उघडली. "ही पोच."

"आम्ही लहान्याचं नाव तिकडच्या अंगणवाडीला पाठवलंय," पर्यवेक्षिका म्हणाल्या. त्यांच्याकडंही पोच होती.

शबानाताईंनी पर्समधून चौथा कागद काढला. "आणि मी जाण्यापूर्वी लेखी दिलं होतं की आठवडाभर माझे कागद दुसऱ्या कुणाकडं द्या. ही घ्या, माझीपण पोच."

टेबलावर चार कागद ओळीनं पडले होते. चारही शिक्के ठळक. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि कामचुकार तर कुणीच नव्हतं. मग वैशालीताईंनी विचारलं, "आत्ता, या मिनिटाला, ती दोन मुलं कुठं आहेत हे कुणी डोळ्यांनी बघितलंय?"

कुणीच बघितलं नव्हतं. समिती दुसऱ्या दिवशी बसणार होती.

मला तात्या आठवले. एवढ्या अनुभवी माणसांत बोलावं की नाही कळेना, पण मंगळवारी नको तिथं बोललो होतो, तर आज गप्प बसणं बरं नव्हतं. मी पाण्याच्या पाळीचं सांगितलं. यादी असूनही तात्या कसे उभे राहिले ते सांगितलं. आणि हेही सांगितलं, की परवा मी डाळजच्या पाटीवरून गेलो आणि उतरलो नाही.

वैशालीताई हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. "चौदा वर्षं त्या घरात नांदतेय मी. तात्या चहा गार झाला तरी रानातनं हालत नाहीत म्हणून भांडते त्यांच्याशी."

"भांडण संध्याकाळी करा," केंद्रप्रमुख उठत म्हणाले. "आधी जीप काढा. मी पुढं बसणार, मागं मी मावत नाही."

डाळज

कोप्या शोधायला वेळ लागला नाही. सगळी टोळी उसात होती. एका कोपीच्या तोंडाशी रेणुका बसली होती. अंगात शाळेचा निळा गणवेश, वेणीला फीत, शेजारी कपड्यांची पिशवी. सोन्याच्या केसांना तेल लावून भांग पाडला होता. मला बघून ती उठली.

"तुमी बुधवारचं म्हणले व्हते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तीन दिस झाले, रोज सकाळी याला आंघोळ घालते. पाण्यालासुदीक गेले नाही. म्हणलं, तुमी यावं अन् मी नसावं, तर याला घेऊन जातील."

मी म्हणालो, "चूक माझी आहे. मी कागद दिला आणि आलो नाही."

शबानाताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. रेणुकानं एक श्वास घेतला. "पहिल्यापासून सांगू?"

"नाही. आज मी सांगते, तू ऐक. चुकलं तिथं मला थांबव." त्यांनी बाकी तिघांच्या फाईली मागून घेतल्या आणि सगळं सावकाश वाचून दाखवलं. रेणुकानं तीनदा थांबवलं. आई सकाळी पडली, संध्याकाळी नाही. सोन्याला अजून ताट धरून जेवता येत नाही. आणि शाळेत ती चौथीत आहे, तिसरीत नाही. हे तिनं जरा जोरात सांगितलं. केंद्रप्रमुखांनी खिशातलं पेन काढून ताबडतोब दुरुस्ती केली. त्या पेनाचं टोपण सोन्यानं घेतलं ते परत दिलं नाही.

मावशी उसातून आली, हातात कोयता, अंगभर कुसळं. शबानाताईंनी विचारलं, झेपेल का?

"माझी दोन, ही दोन. मंग काय? भाकरी मी थापते, माझी सासू दिवसा यांच्यापाशी बसते. फकस्त मला कागद मागू नका, माझ्यापाशी आधारकार्डाबिगर काय नाही."

"कागद आम्ही बघतो," पर्यवेक्षिका म्हणाल्या. "तुम्ही पोरं बघा."

अहवाल तिथंच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिला. चौघांचा मिळून एक, आणि खाली चौघांच्या सह्या. शनिवारी समितीनं तो वाचला, मावशीला आणि रेणुकाला दोन-चार गोष्टी विचारल्या, आणि आई दवाखान्यातून येईपर्यंत दोन्ही मुलं मावशीकडं ठेवायला परवानगी दिली. दर आठवड्याला शबानाताईंची भेट, रेणुकाला डाळजची शाळा, सोन्याला दिवसा अंगणवाडी. आईचं हाड जुळायला वेळ लागणार आहे. मावशीची टोळी पुढच्या महिन्यात हलली तर पुन्हा नवं गाव, नवी माणसं. सगळं मिटलं असं मी लिहू शकत नाही. पण आता मुलाच्या कागदावर त्या लोकांनी एक रकाना वाढवला आहे: मूल कुणाच्या हातातून कुणाच्या हातात दिलं, आणि तेव्हा दोघंही हजर होते का.

संस्थेला मी अहवाल दिला. पण शनिवारच्या दुपारचं त्यात बसत नव्हतं. ते मामांना लिहिलं. तेच पत्र इथं देतो.

*

प्रिय मामा,

नमस्कार. तुमचा चष्मा जुना झालाय म्हणून अक्षर मोठं काढतोय.

शनिवारी पुण्याहून आम्ही मुलांना जीपनं डाळजला आणलं. मावशीला टोळीच्या माणसानं वाटेतच उसाच्या फडावर उतरवून घेतलं. शबानाताई इंदापूरहून यायच्या होत्या, मुलं ताब्यात घेऊन मावशीच्या घरच्यांच्या हाती द्यायला. त्यांची गाडी पंक्चर झाली. वैशालीताईंना बारामतीला जायचं होतं आणि मला साडेचारची गाडी धरायची होती. शबानाताईंचा फोन आला, तुम्ही निघा, मावशीच्या सासूबाई आहेत कोपीवर, मी पोचतेच आहे. वैशालीताईंनी माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघं कोपीपुढं बसलो.

तिथं बसल्यावर मला परभणीची पायरी आठवली. वसतिगृहाच्या ऑफिसातल्या माणसानं तुमच्या हातात पावती दिली होती आणि म्हणाला होता, जा आता बाबा, पोरगं पोचलं तुमचं. रेक्टर गावात गेले होते. तुम्ही पायरीवर बसलात. सेनगावची शेवटची गाडी निघून गेली तरी उठला नाहीत. आजूबाजूची मुलं बघत होती, तुमच्या शाळेच्या खाकी कपड्यांकडं. मला लाज वाटत होती मामा. तुम्ही लवकर जावं असं मला वाटत होतं. हे मी आजवर तुम्हाला सांगितलं नाही.

रेक्टर आले तेव्हा तुम्ही माझा हात धरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणालात, "सर, हे पोरगं भूक लागली तरी मागत नाही. तुम्हीच विचारत जा." ते तीन वर्षं विचारत होते. मला वाटायचं, ते सगळ्यांनाच विचारतात.

डाळजला रेणुकानं मला विचारलं, "तुमी कधी जाणार?" मी म्हणालो, "ताई आल्यावर." ती म्हणाली, "अन् नाही आल्या तर?" मी म्हणालो, "मग बसतो इथंच." मग ती सोन्याला खाली ठेवून पाण्याला गेली. मंगळवारपासून पहिल्यांदा.

साडेचारची गाडी गेली. ताई सव्वापाचला आल्या. रेणुका घागर घेऊन परत येईपर्यंत आम्ही तिघं थांबलो, आणि मगच मी उठलो.

तुमचा,
प्रकाश